गोल शिक्का

व्यवसायसुलभतेचे वारे सुटल्यापासून लाल फितीची गाठ सैल झाली, असे आम्हांस वारंवार सांगण्यात येते. आणि ज्या राज्यात 1948 चा दुकाने व आस्थापनांचा कायदा मोडीत काढून 2017 च्या नव्या कायद्याने दहाहून कमी नोकर असलेल्या दुकानदाराची नोंदणीतून सुटका केली, व धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत त्याने केवळ सूचना द्यावी एवढीच माफक अपेक्षा ठेवली, तेथे या विधानाविषयी शंका घेणे हा कृतघ्नपणाच होय.

आमच्या भाच्याने घड्याळदुरुस्तीचे दुकान काढले. नोकर एक, तोही सायंकाळपुरता. घरबसल्या सूचना देऊन मिळालेली पावती घेऊन आम्ही दोघे चालू खाते उघडण्यास एका बँकेत गेलो. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी ती आधी सुलटी धरली, मग उलटी, मग उजेडाकडे नेली आणि विचारले, "गुमास्ता कुठाय?" आता हीच पावती गुमास्त्याच्या जागी चालते, असे आम्ही नम्रपणे निवेदन केले.

"मग यावर गोल शिक्का कुठाय?"

त्या रात्री आम्ही गोल शिक्क्याचेच चिंतन केले. चौकोनी शिक्क्यास प्रतिष्ठा नाही. तो बिचारा आवक-जावक टेबलावर राबणारा. शिक्का गोलच हवा, जांभळ्या शाईचा हवा, सहीच्या अंगावर किंचित रेललेला हवा, आणि मुख्य म्हणजे त्याची निम्मी अक्षरे फुटलेली हवीत, कारण स्वच्छ उमटलेला शिक्का बनावट असावा असा संशय प्रत्येक अनुभवी कारकुनास येतो, आणि जो वाचता येतो त्याचा दरारा तो काय राहणार! संगणकाने शिक्क्याची गरज संपवली, हे कायदा करणाऱ्यास ठाऊक, आमच्या भाच्यास ठाऊक, दुकानातल्या सायंकाळच्या पोरासही ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त खिडकीस, आणि आमची गाठ आयुष्यभर खिडकीशीच पडते. 2023 साली 42 केंद्रीय कायद्यांतील 183 तरतुदींचा फौजदारी धाक काढून घेण्यात आला, ठीक झाले. परंतु जो कागद कायद्याने मागितलेलाच नाही तो मागून धडधाकट माणसाचे तीन दिवस खाणाऱ्यास एक दिवस तरी स्वतःच्याच खिडकीसमोर, स्वतःच्याच आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स प्रती हातात घेऊन, जेवणाच्या सुटीत उभे करील, असे एकशे चौऱ्याऐंशीवे कलम लिहिण्याची बुद्धी एकाही विद्वानास होऊ नये, याचा आम्हांस संताप येतो!

चौथ्या दिवशी भाचा रबरी शिक्के करणाऱ्याकडे गेला. त्याने आपल्याच दुकानाच्या नावाचा एक शिक्का करवून घेतला, गोल, आणि पावतीच्या कोपऱ्यात जरासा तिरका उठवला. खिडकीतल्या गृहस्थांची मुद्रा उजळली. "हे आधीच आणायचं ना, काका," ते म्हणाले.

खाते त्याच दिवशी उघडले. शिक्क्यावर काय लिहिले आहे, ते अद्याप कोणी वाचलेले नाही.