गाडी आहे, ड्रायव्हर कोण?

फ्रान्सची सहल ठरली की व्हिसाच्या अर्जाआधी घरात एक्सेल शीट तयार होतं. एका रकान्यात रेल्वे: माणशी तिकीट गुणिले सहा. शेजारच्या रकान्यात भाड्याची गाडी: भाडं, पेट्रोल, टोल. माणसं वाढली तरी गाडीचा आकडा हलत नाही, रेल्वेचा मात्र प्रत्येक आजी-आजोबांमागे फुगतो, त्यामुळे बेरीज व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. हिशेब चोख असतो, फक्त त्यात एक माणूस धरायचा राहून जातो. आपल्याकडे अष्टविनायकाला गाडी ठरवली की ती ड्रायव्हरसकट येते. चहा कुठे बरा मिळतो, कुठलं स्वच्छतागृह खरंच स्वच्छ आहे, हे त्याला पाठ असतं, आणि रस्ता चुकला तर बोलणी खायची तीही त्यानेच. भत्त्यात ते आलंच. फ्रान्समध्ये काउंटरवर नुसती किल्ली मिळते. ड्रायव्हरची रिकामी जागा घरातूनच भरावी लागते आणि ती बहुधा जावयाकडे जाते, कारण आपण दुबईत गाडी चालवल्याचं त्याने कधीतरी चारचौघांत सांगितलेलं असतं. माझं म्हणणं असं की किल्ली हातात पडली त्या क्षणापासून जावई सहलीला नसतो. बाकीचे पाच जण फ्रान्स बघतात, तो कामावर असतो. त्याची अख्खी सुट्टी गाडीच्या रकान्यात खर्चाला लावा आणि मग बेरीज करा. निदान मोठ्या शहरांमधल्या प्रवासापुरती तरी रेल्वे हरत नाही.

पॅरिस ते आव्हिन्यों हा टप्पा घेऊ. अंतर सातशे किलोमीटरच्या आतबाहेर. टीजीव्ही या वेगवान रेल्वेगाडीला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. गाडीने न थांबता सात तास, आणि न थांबणारं मराठी कुटुंब अजून जन्माला यायचं आहे. या सात तासांत जावयाला जे फ्रान्स दिसतं ते मुख्यतः ट्रकच्या मागच्या बाजूचं असतं. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, त्यामुळे पहिला दिवस दाराचं हँडल ओढण्यात जातो. ऑटोमॅटिक गाडी मिळते, पण तिचं भाडं जास्त, आणि बचतीसाठीच तर गाडी घेतलेली असते. महामार्गावर मर्यादा १३०, पण पाऊस आला की ११०. म्हणजे वायपर चालू करणं हाही कायद्याचा प्रश्न. दोन पदरी ग्रामीण रस्त्यांवर २०१८ पासून ८०, पण काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली आहे, तेव्हा जिल्हा कुठला हेही ध्यानात ठेवायचं. गावात शिरल्यावर, वेगळी पाटी नसेल तर, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून का येत असेना. हे सगळं सांभाळताना शेजारच्या सीटवरून बायको नकाशा वाचत असते, आणि मागून सासरे विचारतात, "अहो, मघाशी डावीकडे वळायचं होतं ना?" रेल्वेत गाडी उशिरा आली तर सहाही जण एकदिलाने फ्रेंच सरकारला नावं ठेवू शकतात. घरातली एकी टिकवायला बाहेरचा गुन्हेगार लागतोच, आणि गाडीत तो मिळत नाही.

शिवाय कामावरच्या माणसाच्या वाट्याला कागदपत्रं येतात. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा. काउंटरवर अनामत रक्कम ड्रायव्हरच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवायची. सासऱ्यांचं कार्ड चालत नाही, हे सासऱ्यांना समजावणंही त्याच्याचकडे. टोलनाक्यावर नारिंगी 't' च्या रांगेत शिरायचं नाही, कारण ती फक्त टॅगवाल्यांसाठी. नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ महामार्गावरचे नाके तर २०२४ मध्ये काढूनच टाकले. तिथे कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांच्या आत आपण होऊन पैसे भरायचे असतात. टोलनाका नाही म्हणून टोलही नाही, असं समजून खुशीत पुढे गेलेल्या पर्यटकाला दंड होतो. वेगाचा दंडही असाच मागाहून येतो, आणि भाड्याने गाडी देणारी कंपनी त्याचं नाव-पत्ता कळवण्याची फी वेगळी लावते. एक्सेल शीटमध्ये या ओळीला रकाना नसतो.

यावर पहिला आक्षेप सामानाचा येतो आणि तो खोटा नाही. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकात दृश्य काय असतं ते पाहा. एका हॉलमधल्या फलाटांना अक्षरं, दुसऱ्या हॉलमधल्यांना आकडे. फलाट कोणता हे सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी बोर्डावर उमटतं, तोवर चारशे माणसं माना वर करून उभी. दोन टीजीव्ही एकमेकींना जोडलेल्या असल्या तर लांबी चारशे मीटर, आपला डबा हमखास पलीकडच्या टोकाला, हमाल नाही, आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद. नियमाने माणशी दोन मोठ्या बॅगा आणि एक लहान पिशवी, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. लाडू-चिवड्याचे डबे या वर्गवारीत कुठे बसतात ते रेल्वेने स्पष्ट केलेलं नाही. हे सगळं मान्य. पण ही धावपळ वीस मिनिटांची, आणि सहा जणांत वाटली जाते. आणि गाडीत सामान मावतं हा समज तरी कुठून आला? सहा जणांना सात सीटची गाडी लागते, आणि तिसरी रांग उभी केली की डिकीत उरते ती छत्र्या ठेवण्यापुरती फट. "धाकट्याला मांडीवर घेऊ" हा आपला हुकमी तोडगाही तिथे बाद. प्रत्येकाला स्वतःची सीट आणि पट्टा हवाच, आणि दहा वर्षांखालच्या मुलाला मागे, त्याच्या मापाच्या सीटवर.

खर्चाच्या आक्षेपाला उत्तर थोडक्यात देता येतं. टीजीव्हीचं तिकीट विमानासारखं मागणीनुसार महागतं, तेव्हा आदल्या दिवशी काढणाऱ्याने माझ्याशी वाद घालू नये, तो हरलेलाच आहे. काही महिने आधी काढलं तर चित्र पालटतं. दुसऱ्या बाजूला पॅरिस ते ल्यों एवढ्या टप्प्यालाच टोल चाळीस युरोंच्या घरात जातो, वर पेट्रोल, वर शहरात पोचल्यावर पार्किंग. एका गावी घेतलेली गाडी दुसऱ्या गावी सोडायची तर बहुतेकदा त्याचेही पैसे.

"आणि संप झाला तर?" होतो. २०१९ च्या डिसेंबरात पेन्शनच्या प्रश्नावरून सुरू झालेला संप जानेवारीपर्यंत चालला होता. पण फ्रान्समध्ये संपालाही शिस्त आहे. २००७ च्या कायद्यानुसार संपावर जाणाऱ्याने ४८ तास आधी कळवायचं असतं, त्यामुळे उद्या कुठल्या गाड्या धावणार ते आदल्या संध्याकाळी कळतं. रस्त्यावरच्या कोंडीचंही तिथे भाकीत होतं. 'बिझों फ्युते' ही १९७६ मध्ये सुरू झालेली सरकारी सेवा दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे रंग देते. काळा दिवस बहुधा जुलै-ऑगस्टच्या सांध्यावरचा शनिवार. जुलैवाले परततात, ऑगस्टवाले निघतात, आणि ऱ्होन नदीच्या खोऱ्यातला ए-७ महामार्ग गाड्यांचा वाहनतळ होतो. आपण मे महिन्यात जातो म्हणून सुटलो असंही नाही. १ मे, ८ मे आणि बहुतेक वर्षी मेमध्येच येणारा ॲसेन्शनचा गुरुवार या सुट्ट्यांना शुक्रवार जोडून रजा काढण्याची कला फ्रेंचांना आपल्याइतकीच अवगत आहे. रंग कळल्याने कोंडी टळत नाही, पण तीन तास ट्रकमागे उभं राहताना दिवस काळा होता एवढं तरी माहीत असतं.

खरा आक्षेप यापुढचा, आणि तिथे मला दोन पावलं मागे यावं लागतं. फ्रान्स म्हणजे नुसती शहरं नव्हेत. गावांत रेल्वे जात नाही, त्याचं काय? १८७८ मध्ये सार्वजनिक बांधकाममंत्री फ्रेसिने यांनी तालुक्याच्या तोडीच्या प्रत्येक गावाला रूळ जोडायची योजना आखली आणि ती बरीचशी पुरीही झाली. विसाव्या शतकात मोटारी वाढल्या तशा त्यातल्या कितीतरी शाखा बंद पडल्या. १९८१ मध्ये पॅरिस-ल्यों मार्गाने सुरू झालेल्या वेगवान गाड्यांचं जाळं मोठ्या शहरांना जोडतं, आणि तेही बहुतेक पॅरिसमार्गे. त्यामुळे कोल्मारला, नीसहून मोनाकोला, अगदी शनोंसोच्या महालापाशीही रेल्वेने सुखाने जाता येतं. पण गॉर्दसारखं डोंगरावरचं गाव, व्हालाँसोलची लॅव्हेंडरची शेतं किंवा दॉर्दोन्यचं खोरं गाडीशिवाय पाहायचं म्हणजे बसच्या वेळापत्रकाची मनधरणी करणं. इथे गाडी घ्यावी, जरूर घ्यावी. मात्र पॅरिसपासून नको. टीजीव्हीने आव्हिन्योंला यावं, स्थानकातल्याच काउंटरवर गाडी घ्यावी, दोन-तीन दिवस गावं हिंडून तिथेच परत करावी. लहान गावातला काउंटर दुपारी जेवायला आणि रविवारी दिवसभर बंद असू शकतो, हे आधी पाहून ठेवावं.

दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव नोंदवायला बहुधा थोडे जास्त पैसे पडतात. ते द्यावेत आणि मुलीचं नाव घालावं. तिलाही गाडी येते, हे काउंटरवर पोचेपर्यंत सगळ्यांच्या ध्यानातून गेलेलं असतं. आव्हिन्योंपासून जवळच शातोनफ-द्यु-पाप आहे, वाइनचं गाव. रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल भरलं की गाडी चालवणं गुन्हा, त्यामुळे तिथे एकाला नुसता ग्लास हुंगून "छान आहे" म्हणावं लागणार. तो कोण, हे गावाची पाटी दिसायच्या आधी ठरवावं. पहिला ग्लास भरल्यावर ठरवायला बसलं, की दोघांनाही एकदम आठवतं की कालही मीच चालवली होती.