दहा बाणांची मिजास

चीनमधल्या पेटीच्या धनुष्याचा थाट मोठा. पेटीत दहाएक बाण भरायचे आणि दांडा हापसत राहायचे. पंधरा सेकंदांत पेटी रिकामी. या शोधाचे श्रेय मिळाले तिसऱ्या शतकातला नामवंत मुत्सद्दी झुगे लियांग याला. हूबेई प्रांतात मात्र इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या थडग्यातच असे धनुष्य निघाले. मोठ्या नावाला श्रेय आपोआप चिकटते!

मालकाचे हाल वेगळेच. बाणाला पिसे लावावीत, तर पेटीत अडकतात; न लावावीत, तर बाण भरकटतो. एक बाण जरा वाकडा निघाला, की सगळा कारभार ठप्प. दोरी घासून झिजते ती निराळीच. आणि मार इतका दुबळा, की टोकाला विष फासावे लागे.

१६३७च्या ‘थियानगोंग खायवू’ ग्रंथाचा निकाल रोखठोक आहे: पल्ला वीसेक पावलांचा, चोरांना पिटाळायला ठीक, सैन्याच्या कामाचे नाही.