अनिर्णित, पण निकाल लागला

बरोबरी माणसाला सोसत नाही. दोन संघ जिवाचं रान करून सारखेच ठरले, तर त्यांच्या पाठीवर थाप मारून घरी पाठवावं की नाही? पण नाही, कप एकच असतो! नाणेफेक खेळ सुरू करायला असते. १९६८च्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ उपांत्य फेरीत ०-० राहिले, तेव्हा ती खेळ संपवायला वापरली. इटली फायनलला गेली. क्रिकेटमध्ये २०१९च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर अंतिम सामना टाय, सुपर ओव्हरही टाय. मग चौकार-षटकार मोजले. इंग्लंड २६, न्यूझीलंड १७. त्याच वर्षी तो नियम मोडीत निघाला, कप मात्र परत मागितला नाही.

आमची रणजी याहून सोज्वळ. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो पुढे. २०२५ साली केरळनं या नियमाचा पार कीस काढला. पुण्यात जम्मू-काश्मीरच्या २८० धावा झाल्या होत्या. सलमान निझारनं शेवटच्या जोडीदाराला हाताशी धरून केरळला २८१वर नेलं. आघाडी एका धावेची! पुढे अहमदाबादेत केरळच्या ४५७ला उत्तर देताना गुजरात ९ बाद ४५५. नागवासवालानं फटका हाणला, चेंडू शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात विसावला. हेल्मेट कोणाचं? सलमान निझारचं! पुण्यात बॅटनं, अहमदाबादेत डोक्यानं.

नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भ ३७९, केरळ ३४२. तिसऱ्या दिवशीच आघाडी ठरली. पुढे विदर्भानं ९ बाद ३७५पर्यंत शांतपणे फलंदाजी केली, हस्तांदोलन झालं आणि तिसऱ्यांदा रणजी जिंकली. बाद फेरीत एकही सामना न जिंकता आलेलं केरळ, न हरता घरी गेलं.

हे सारं मी बायकोला रंगवून सांगितलं.

"म्हणजे निकाल तिसऱ्या दिवशीच कळला?"

"जवळजवळ."

"मग उरलेले दोन दिवस ते काय करत होते?"

"विदर्भ फलंदाजी, केरळ गोलंदाजी."

"आणि तू?"

मी उत्तर दिलं नाही. सामना अनिर्णित सुटला. आघाडी अर्थातच तिची.