हरणवाले काका

वाघाचे फोटो काढणाऱ्यांचं एक बरं असतं. ताडोब्यात जिप्सी बुक करायची, गाइडच्या बोटाकडे बघायचं आणि वाघ रस्त्यात आडवा झाला की शेजारच्या जिप्सीतल्या सगळ्यांना मिळेल तोच फोटो घेऊन घरी यायचं. हरणवाल्या काकांना हा प्रकार मंजूर नाही. ‘‘त्यात कसलं आलंय कसब? वाघ काय, बसून देतो!’’ काकांना न बसून देणारं गिऱ्हाईक लागतं.

पुण्यातल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत असे एक काका सापडतात. निवृत्तीच्या पैशांतून स्कूटरच्या किमतीची 150-600ची लेन्स येते. तिची पहिली चाचणी गॅलरीतून होते आणि त्याच आठवड्यात समोरच्या इमारतीत पडदे लागतात. मग लेन्सला झाडापानांच्या छापाचा अभ्रा चढतो, आणि हळूहळू काकांनाही.

त्यांच्यासमोर काळविटाला हरीण म्हणायची सोय नाही. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं दरवर्षी गळतात, पुन्हा येतात; ती खरी हरणं. काळविटाची शिंगं जन्मभर डोक्यावर, म्हणून तो कुरंग. हे व्याख्यान बारशालाही होतं आणि तेराव्यालाही. एवढं करून हाक मात्र ‘हरणवाले काका’ अशीच पडते, कारण ‘कुरंगवाले’ म्हणायला जीभ वळवण्याइतका वेळ पोरांकडे नाही.

खरा सोहळा रेहेकुरीला जायच्या आदल्या रात्री. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं हे काळविटांचं अभयारण्य 1980 सालापासूनचं. काळविटाचं नाक तिखट म्हणून काका दोन दिवस आधीपासून साबण, तेल, पावडर सगळं सोडतात. (हा त्याग काळविटापेक्षा कारमध्ये शेजारी बसणाऱ्याला आधी कळतो.) हरणाच्या डोळ्यांना लाल-नारिंगी फारसं उमगत नाही, निळं मात्र ठळक दिसतं, म्हणून जंगलाच्या शर्टाला नीळ लावायची नाही अशी घरात सक्त ताकीद असते. डब्यात मात्र भाकरीबरोबर लसणाची चटणी. तिच्याबद्दल शास्त्र काय म्हणतं, हे काकांनी अजून वाचायला घेतलेलं नाही.

काकू दारात उभ्या राहून म्हणतात, ‘‘रामायणात सीतेनं हट्ट धरला म्हणून राम हरणामागे गेला. मी तर जाऊ नका म्हणतेय!’’

उजाडता उजाडता काका माळावर असतात. चिमूटभर माती उडवून वारा बघतात आणि कुसळी गवतातून कोपरांवर सरपटू लागतात. लांबवर कळप चरत असतो. पिवळसर माद्या, त्यांच्यामध्ये पिळदार शिंगांचा, काळाभोर पाठीचा नर. पलीकडच्या वाटेने दुधाच्या किटल्या खडखडवत एक मोटारसायकल जाते. कळप मान वर करत नाही. मेंढरं येतात, मागून शीळ घालत मेंढपाळ येतो. कळप दोन पावलं बाजूला होतो, एवढंच. आणि काकांचं कोपर एका काटकीवर पडतं. टक्क! दहा-वीस माना एकदम वर. पहिली मादी चारी पाय एकदम उचलून हवेत उडते, मग दुसरी, आणि क्षणात माळ मोकळा.

याचं कारण सरळ आहे. माळावर उघडपणे, आवाज करत जाणाऱ्या माणसापासून रोज काही होत नाही, हे काळविटाला पाठ झालेलं असतं. दबकत, थबकत, नजर रोखून जे येतं ते लांडग्याच्या वळणाचं, हेही त्याला तितकंच पाठ. काकांना हे ठाऊक आहे. ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. पण उघडपणे उभं राहून किंवा गाडीत बसून फोटो काढायचा तर या झाडापानांच्या छापाच्या पँटचा उपयोग काय?

जे फोटो मिळतात ते बहुतांशी पाठमोरे. काही फोटोंत मागे तपकिरी धुकं आणि पुढे गवताचं एक पातं, इतकं रेखीव की त्यावरचा दवाचा थेंब मोजून घ्यावा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघणारी माणसं पुष्कळ असतात. काकांच्या लेन्सला काळविटासमोरचं कुसळच आधी दिसतं. नऊनंतर ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि सहाशे एमएमची लेन्स ती थरथरही इमानाने मोठी करून दाखवते. मग नर उभा आहे की उकळतोय, ते कळत नाही.

भेकर हा तर त्यांचा जुना हिशेब. भीमाशंकरच्या रानात ते कुत्र्यासारखं भुंकताना काकांनी पुष्कळदा ऐकलंय. जमलंय ते एवढंच.

पावसाळ्यात मोहीम बंद. तेव्हा लेन्सला बुरशीची भीती. घरातल्या सगळ्यांत घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह लेन्स जाते आणि त्यातल्या कुरडया वर्तमानपत्रावर येतात. श्रावणापर्यंत कुरडया सादळतात, लेन्स ठणठणीत राहते.

हसायला हरकत नाही, पण वाघामागे गाड्या पळवणाऱ्यांपेक्षा मला हेच काका बरे वाटतात. हरीण मान वर करून बघू लागलं की ते जागच्या जागी थांबतात, पाठलाग करत नाहीत. आणि एका बाबतीत तर ते चक्क ओरडतात. काळविटाची मादी नवजात पाडसाला गवतात लपवून लांब चरायला जाते. कुणीतरी हौशी माणूस ते एकटं पाडस बघतो, ‘हरवलंय बिचारं’ म्हणून उचलून गाडीत घालायला निघतो. अशा वेळी दबकून चालायचे सगळे नियम मोडून काका उभे राहतात आणि ‘‘ठेव खाली! आई बघतेय त्याची!’’ असं इतक्या मोठ्याने म्हणतात की उरलेला कळपही पळतो. त्या दिवशी मग तेवढाही फोटो नसतो.

तेव्हा माळावर एकटं पाडस दिसलं तर हात लावू नका, मागे फिरा. शंका असेल तर वनखात्याला कळवा. आणि काकांनी फोटो बघायला घरी बोलावलं तर जरूर जा; फक्त जेवून जा.