पिशवी की डबा?

बदलापूरच्या मांजर्लीत वन-बीएचकेत पर्शियन मांजर आलं की पाठोपाठ व्हॅक्यूम क्लीनर येतो आणि त्याच्यामागून वाद: पिशवीवाला घ्यायचा की बिनपिशवीचा?

जेम्स डायसन यांनी ५,१२७ नमुने करून पिशवी हद्दपार केली. थोर माणूस. पण तो भरलेला डबा कचऱ्याच्या बादलीवर एकदा उघडून बघा. केसांचा नमदा आत घट्ट बसलेला. तो बोटांनी उपसायचा, तोवर बारीक धूळ पुन्हा सोफ्यावर हजर. वर फिल्टर धुवा आणि २४ तास पूर्ण वाळू द्या, असं माहितीपुस्तिका सांगते. ती लिहिणाऱ्याने बदलापूरचा जुलै पाहिलेला नसावा. इथे बनियन वाळत नाही, फिल्टरचं काय घेऊन बसलात!

पिशवीवाल्यात हे हाल नाहीत. ॲलर्जी मुळात केसांची नसतेच, मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीवरल्या प्रथिनांची असते. ती पिशवीसकट घराबाहेर जातात. घरात कोणी शिंकणारं असेल तर पिशवीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. फक्त ती संपली की स्टेशनजवळच्या दुकानात मागू नये, दुकानदार भाजीची पिशवी पुढे करतो.

निर्णय होईपर्यंत केस काळ्या पँटींना चिकटून सकाळच्या लोकलने दादरला विनातिकीट जातात. घरकामाच्या मावशी मात्र ओलसर रबरी हातमोजा सोफ्यावरून फिरवतात आणि केसांचा गोळा उचलतात. त्यांना डेमो द्यायला कोणी बोलावत नाही.