अविचलस्पर्धा-मीमांसा

समव्यवसायी मनुष्यांच्या परस्परमत्सराचे जे शास्त्र, त्यास आम्ही ‘सहकर्मीस्पर्धाशास्त्र’ अशी संज्ञा देतो. बढती, खिडकीजवळची खुर्ची आणि साहेबांची मर्जी यांस्तव होणारी ती स्थूलस्पर्धा; तिचा विचार येथे कर्तव्य नाही. आपणांस यत्किंचितही ताण येत नाही, हे समोरच्यास ताण येईपर्यंत दर्शवीत राहणे, ती सूक्ष्म अथवा अविचलस्पर्धा. हिचा स्थायीभाव बेफिकिरी व संचारीभाव घाम.

आधारग्रंथ म्हणून माइक न्यूवेल दिग्दर्शित ‘पुशिंग टिन’ (१९९९) हा चित्रपट स्वीकारला आहे. त्याचे बीज ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मधील डार्सी फ्रे यांच्या १९९६ च्या लेखात आहे. न्यूयॉर्क परिसरातील केनेडी, लाग्वार्डिया व न्यूअर्क या तीन विमानतळांभोवतीच्या आकाशाचे नियमन त्या काळी लाँग आयलंडवरील एका अंधाऱ्या खोलीतून होत असे. रडारवरील दोन ठिपक्यांत आडवे तीन सागरी मैल, अन्यथा उभे एक हजार फूट अंतर राखावे, हा तेथील सामान्य धर्म. दोन नियंत्रकांच्या अहंकारांत किती अंतर असावे, याविषयी नियमावली मौन पाळते. प्रस्तुत शास्त्राचा उगम त्या मौनात आहे.

अविचलस्पर्धेचे प्रकार चार.

१. वाचिक. दिशा, उंची व वेग यांच्या आज्ञा अखंड धारेने सोडाव्यात, मध्ये वैमानिकास एखादी कोटी ऐकवावी, परंतु श्वास घेताना दिसू नये. आचार्य : चित्रपटातील नियंत्रक निक फॅल्झोन (जॉन क्युसॅक).

२. मौनिक. पश्चिमेकडून बदलून आलेला, मोटारसायकलवर हिंडणारा, केसांत पीस खोवणारा रसेल बेल (बिली बॉब थॉर्नटन) हा याचा प्रवर्तक. हा काहीच करीत नाही. त्यामुळे वाचिकाचे सर्वस्व जाते. आमच्या मते हाच प्रकार श्रेष्ठ.

३. दांपत्यसंक्रामी. निक रसेलच्या पत्नीशी (अँजेलिना जोली) रत होतो. अपराध निकचा, सोसणे रसेलचे, आणि झोप मात्र निकची उडते. पुढे स्वपत्नीविषयीच्या (केट ब्लँचेट) संशयात त्याची कोटी आटते. ग्रंथाचा हा भाग शिथिल आहे. घरात रडार नसल्याने अंतराचे मापन होत नाही.

४. वातावर्तज. अवजड जेट उतरत असता धावपट्टीवर उभे राहावे व त्यामागून येणाऱ्या भोवऱ्याने देह भिरकावू द्यावा. रसेल हे स्वेच्छेने करतो.

बॉम्बच्या धमकीने खोली रिकामी होते व निक आणि रसेल हे दोघेच मागे राहून विमाने उतरवतात, तो प्रसंग कोणत्याही प्रकारात बसत नाही, तो आपद्धर्म.

चतुर्थ प्रकारावरून शास्त्रात दोन संप्रदाय पडले आहेत. खुर्चीवाद्यांचे म्हणणे असे, की भोवऱ्यास मत्सर नसल्याने ही स्पर्धाच नव्हे. धावपट्टीवादी उत्तर देतात, प्रतिस्पर्ध्यास आपले भानही नसावे यापरती अविचलता कोणती? जेट हेच परममौनिक होय. उपांत्य भागी निक रसेलकडे कोलोरॅडोस जातो आणि दोघेही त्याच भोवऱ्यात उडतात. एकाच वाऱ्याने दोघांस समान उचलल्याने ज्येष्ठकनिष्ठभाव ठरत नाही. खुर्चीवादी म्हणूनच तो प्रसंग प्रक्षिप्त मानतात.