किती पडले?

पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि शेवटी एक आकडा. घरातले झोपल्यावर मोबाइलवर ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, चाचणी सोडवणारी माणसं आता आपल्या ओळखीपाळखीत आहेत. तिशी-चाळिशीतली, नोकरी-संसार सांभाळणारी. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला प्रश्न एकच: तुला किती पडले? शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी गुणपत्रिका काही आपली पाठ सोडत नाही. कुणी ३४ पडले म्हणून हादरतं, कुणी २९ पडले म्हणून सुटलो म्हणतं. दोघांचाही निष्कर्ष घाईचा आहे आणि दोष त्यांचा नाही. निकालाचं पान रंगीत करणाऱ्या संकेतस्थळांनी तो निकाल वाचायचा कसा, हे धड सांगायचे कष्ट घेतलेले नसतात.

यातली सगळ्यात जास्त फिरणारी चाचणी म्हणजे ऑटिझम-स्पेक्ट्रम कोशंट, थोडक्यात एक्यू. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. रेषा आखली ३२ वर. आधीच निदान झालेल्या प्रौढांपैकी ८० टक्के या रेषेवर किंवा तिच्या वर होते, तुलनेसाठी घेतलेल्या इतरांपैकी फक्त २ टक्के. वाचून वाटतं, मग आणखी काय हवं? जरा हिशेब मांडू. १०,००० प्रौढ घ्या आणि शंभरात एक ऑटिस्टिक धरा. म्हणजे १०० जण, त्यातले ८० रेषेच्या वर. उरलेल्या ९,९०० पैकी २ टक्के म्हणजे १९८, तेही वरच. एकूण २७८ जणांना ‘जास्त’ गुण पडले, त्यात ऑटिस्टिक ८०. तिघांत एकसुद्धा पुरता भरत नाही!

अर्थात, रस्त्यावरचा कुणीही उठून ही चाचणी सोडवत नाही. ज्याला लहानपणापासून काहीतरी खटकत आलंय, तोच तिथवर पोचतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत शक्यता नक्कीच जास्त. पण किती जास्त, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

उलट बाजू तर जास्त काळजीची. लंडनमधल्या एका प्रौढ-ऑटिझम निदान केंद्रात आलेल्या लोकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एक्यूत त्या अभ्यासाने धरलेल्या रेषेच्या खाली राहिलेल्यांपैकी ६४ टक्के जणांना तज्ज्ञांच्या तपासणीत ऑटिझम असल्याचं निघालं. आणि सततच्या चिंतेचा विकार असलेल्यांचे गुण ऑटिझम नसतानाही फुगू शकतात, हेही त्यातच दिसलं. म्हणून २९ वाल्यांनो, सुटलो म्हणू नका, आणि ३४ वाल्यांनो, हादरू नका.

असं का होतं, ते प्रश्नांशी थांबलं की कळतं. एक प्रश्न विचारतो, पार्टीपेक्षा ग्रंथालयात जाणं पसंत कराल का? आपल्याकडे चुलत नणंदेच्या डोहाळजेवणाला जायचं की नाही, हे पसंतीवर कधी ठरलंय? बाई जाते. रिक्षात बसल्या बसल्या तीन वाक्यं मनात घोकते: ‘साडी छान आहे’, ‘मुलं कशी आहेत’, ‘एकदा या ना घरी’. हसायचं कुठे, ते शेजारणीच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते. घरी आल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहते; सगळे म्हणतात, हिला पित्ताचा त्रास आहे. लोकांशी बोलणं सहज जमतं का, या प्रश्नाला तीच बाई ‘हो’वर टिचकी मारते, कारण आजवर कुणी तक्रार केलेली नाही. चाचणीने विचारलं जमतं का. किती कष्टाने जमतं, हे विचारलंच नाही. या लपवण्याच्या कष्टांसाठी २०१९ मध्ये कॅट-क्यू नावाची २५ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आली. तीही निदान करत नाही, पण आपण आयुष्यभर काय सांभाळत आलो, हे कित्येकांना तिच्यामुळे पहिल्यांदा नजरेसमोर दिसतं.

आणखी एक गोम. एक्यूच्या मूळ गुणपद्धतीत ‘थोडंसं पटतं’ आणि ‘अगदी पटतं’ या दोन्हींना सारखाच गुण. पर्याय चार, मोजणी दोनच खान्यांत. रात्रभर ‘थोडंसं’ की ‘अगदी’ म्हणून घोळ घालणाऱ्यांनी हे जाणून ठेवावं.

आता टोमणे मारणाऱ्यांकडे वळतो. ‘हल्ली ज्याला त्याला ऑटिझम झालाय’, ‘मोबाइलची फॅडं आहेत सगळी’. अशी वाक्यं फेकणं फुकट असतं, म्हणून ती जोरात फेकली जातात. प्रौढांचं निदान करणारे जाणकार आपल्याकडे मोजक्या शहरांत, त्यांची फी खिशाला जड, आणि घरात विषय काढला की ‘तुला काय धाड भरलीय, चांगली नोकरी आहे’. अशा माणसाने रात्री मोबाइल उघडला, तर त्याचं हसं कशाचं करता? स्वतःविषयी प्रामाणिकपणे पन्नास प्रश्नांना सामोरं जायची तयारी तरी त्याने दाखवली. माझा राग आहे तो चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये ‘ही पाच लक्षणं असतील तर तुम्ही ऑटिस्टिकच’ असं ठासून सांगणाऱ्यांवर, आणि निकालाखाली लगेच स्वतःचा कोर्स विकणाऱ्यांवर.

सरकारदरबारी तर घरबसल्या मिळवलेला आकडा चालतच नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. भारतात त्याच्या मोजमापासाठी आयएसएए ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी केली आहे. ती आपण स्वतः भरायची नसते. तज्ज्ञ माणसाला बघून आणि घरच्यांशी बोलून भरतात.

मग ऑनलाइन चाचणी सोडवूच नये? जरूर सोडवा. फक्त आकडा बाजूला ठेवा आणि उत्तरं जपा. ज्या प्रश्नाला थबकलात, त्याच्यापुढे एक खरा प्रसंग लिहा: कुठे, कधी, काय झालं, नंतर किती वेळ त्रास झाला. आईला, मावशीला विचारा, मी तीन-चार वर्षांचा असताना कसा होतो, हाक मारली की बघायचो का, इतर मुलांत खेळायचो का, कपड्यांचं, आवाजाचं, जेवणाचं काय वेड होतं. ऑटिझमची लक्षणं लहानपणापासूनची असावी लागतात, त्यामुळे डॉक्टर याच गोष्टी खोदून विचारणार. ती दोन पानं घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा, आणि ‘प्रौढांमधला ऑटिझम तुम्ही तपासता का’ हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. तपासणीत एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) निघेल, चिंता निघेल, ऑटिझम निघेल, दोन-तीन गोष्टी एकत्रही निघतील. काहीही निघालं तरी तुमचा त्रास खरा आहे, हे त्या पानांवर आधीच लिहिलेलं असेल.

आणि घरातल्या कुणी मोबाइल पुढे करून आपला निकाल दाखवला, तर कृपा करून हसू नका, ‘तसं काही नसतं’ असंही म्हणू नका. कुठल्या प्रश्नाला अडलास, एवढं विचारा आणि त्याला बोलू द्या.